वखारीतली खोटी खोली

मी एक खोली बोलतेय. खरी नव्हे, खोटी.

माझ्या भिंती प्लायवूडच्या आहेत, माझी खिडकी निळ्या रंगानं रंगवलेली आहे आणि माझ्या न्हाणीघरात कमोडाच्या जागी पुठ्ठ्याचं खोकं ठेवलेलं आहे. कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून त्यावर ठळक अक्षरांत 'संडास' असं लिहिलंय. तरीही एकदा नगराध्यक्ष त्यावर टेकले आणि खोकं दबलं. ते आजतागायत दबलेलंच आहे.

माझा जन्म क्वेर्नोय बेटावर झाला, हेरिंग मासे खारवायच्या जुन्या वखारीत. वखार बंद पडून तीस वर्षं झाली, पण वास काही गेलेला नाही. आत येणारा प्रत्येक जण आधी नाक मुरडतो आणि मग म्हणतो, "वा, प्रशस्त जागा आहे." या बेटावरची माणसं अशीच. नाकाला जे कळतं ते तोंडापर्यंत येऊ देत नाहीत. माझ्या गोष्टीतलं सगळं दुखणं याच सवयीतून निघालंय, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझी गरज का पडली, तेही सांगते. बेटावरचा जुना दवाखाना ओल येऊन बंद करावा लागला होता. तेव्हापासून ज्याला चार दिवस झोपून राहावं लागेल त्याला दोन फेरीबोटी बदलून शहरात न्यायचं आणि घरच्यांनी दर रविवारी बिस्किटांचा पुडा घेऊन भेटायला जायचं, असं चाललं होतं. शेवटी पालिकेनं नवं आरोग्यघर बांधायचं ठरवलं. डॉक्टर, फिरत्या नर्सेस, व्यायामाची खोली आणि झोपून असणाऱ्यांसाठी बारा खोल्या, सगळं एका छपराखाली. ठरावात एक वाक्य खास घातलं होतं : प्रत्येक खोलीत वेळ पडल्यास दोन पलंग मावतील. ते वाक्य पालिकेनं कुणामुळे घातलं, हे सगळ्या बेटाला ठाऊक होतं.

बोरगिल आणि आयलर्ट. ती चौऱ्याऐंशीची, तो शहाऐंशीचा. लग्नाला चौसष्ट वर्षं झालेली. आयलर्ट आयुष्यभर बोटीवर होता, म्हणजे निम्मं आयुष्य बायकोपासून लांबच. आता त्याला कंपवातानं पलंगावर आणलं होतं आणि बोरगिलचं खुब्याचं हाड मोडून नीट बसलं नव्हतं. पालिकेच्या सभेत ती काठी टेकत उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "पन्नास वर्षं मी त्याची धक्क्यावर वाट पाहिली. आता तरी एका खोलीत ठेवा." त्यावर सभागृहात कुणी हरकत घेतली नाही. घेणार कोण?

आणि मग आली मेरेते.

मेरेते म्हणजे या सगळ्या कामाची मुख्य. पंचेचाळिशीची, हसतमुख, कामाला वाघ. तिचं एक आवडतं तत्त्व होतं. पूर्वी आर्किटेक्ट नकाशा काढायचा, ठेकेदार तो घेऊन बांधायचा आणि बांधून झाल्यावर नर्सेस येऊन कपाळावर हात मारायच्या. आता तसं नाही. आता नकाशावाला, बांधणारा, नळवाला, वीजवाला, डॉक्टर आणि नर्स पहिल्या दिवसापासून एकाच टेबलाशी बसणार. नियोजन आणि बांधकाम हातात हात घालून चालणार. "आपल्यात भिंती नकोत," असं ती प्रत्येक बैठकीत म्हणायची. भिंत या नात्यानं मला ते जरा लागायचं, पण तिचा हेतू चांगला होता.

त्या हेतूचाच एक भाग म्हणजे मी. खरी खोली बांधण्याआधी तिचा अगदी त्याच मापाचा नमुना उभारायचा, लोकांना त्यात फिरवायचं, काय अडतं ते विचारायचं. कल्पना किती शहाणपणाची आहे बघा. मला तर माझा जन्म सार्थकी लागल्यासारखं वाटलं होतं.

मला बनवलं हाल्वरनं. हाल्वर सुतार, बेटावरच्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची. खोटं काम आहे म्हणून त्यानं अंग चोरलं नाही. माझ्या फळ्या घासल्या, कडा गोल केल्या, कुणाला कुसळ लागायला नको म्हणून तळहात फिरवून पाहिला. निळी खिडकी रंगवून झाल्यावर तो दोन पावलं मागं सरला, विचारात पडला आणि कोपऱ्यात एक छोटी पांढरी बोट काढली. "आयलर्टसाठी," तो स्वतःशीच म्हणाला.

मे महिन्यात मला लोकांपुढे उघडण्यात आलं. मेरेतेनं दाराशी दोन गठ्ठे ठेवले, हिरव्या चिठ्ठ्यांचा आणि लाल चिठ्ठ्यांचा. आवडलं तिथे हिरवी लावा, खटकलं तिथे लाल लावा. बाजूला टेबल मांडून ती स्वतः लोखंडी साच्यात वॉफल भाजत उभी राहिली. सोबत जॅम, तपकिरी चीज आणि किटलीभर कॉफी. गरम वॉफलचा वास हेरिंगच्या वासावर मात करत होता, यावरून किती भाजले असतील याचा अंदाज घ्या.

आणि इथेच घात झाला. क्वेर्नोयवर जिच्या हातचं वॉफल खाल्लं तिच्या तोंडावर लाल चिठ्ठी चिकटवणं, हे कुणाच्या बापजन्मी झालेलं नाही. माणसं येत, तोंड चालवत आत फिरत, न्हाणीघराच्या भिंतीला खांदा घासत, "अरे, इथे जरा—" असं म्हणत आणि मेरेते हसून बघतेय असं दिसलं की "—छान आहे हं!" करून हिरवी चिठ्ठी लावत. दिवसअखेर माझ्या अंगावर सदतीस हिरव्या चिठ्ठ्या होत्या. लाल एकही नाही. लाल गठ्ठ्याचं प्लास्टिकसुद्धा फाटलेलं नव्हतं.

बोरगिलनंही लावली. काठी हाल्वरच्या हातात देऊन तिनं माझ्या रंगवलेल्या खिडकीखाली चिठ्ठी चिकटवली. तीवर लिहिलं होतं, 'उजेड भरपूर.' आता बोला!

माझ्या भिंती पाऊण इंचाच्या. बाहेरचं सगळं ऐकू येतं. पाच मिनिटांनी वखारीमागं, गाड्या लावतात तिथे, खरी सभा भरली.

"अरे, दोन पलंग टाकल्यावर हलायचं कसं तिथे? खेकड्यासारखं तिरपं चालायचं?"

"मलाही तेच वाटलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोललास?"

"ती बिचारी सकाळपासून वॉफल भाजतेय. काय बोलणार?"

भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही. मी आतून ओरडत होते, पण प्लायवूडचं ओरडणं कोण ऐकतं? फार तर करकरल्यासारखं वाटतं.

एकच बाई त्या दिवशी आली नव्हती, गुनवोर. फिरती नर्स, अठ्ठावन्न वर्षांची, रोज चार वेळा आयलर्टच्या घरी जाणारी. वॉफलच्या वेळेला ती कुणाचा तरी पाय धुऊन मलमपट्टी करत होती. ती आठवड्यानं आली आणि रिकाम्या हातानं आली नाही. जुन्या दवाखान्यातले दोन पलंग हाल्वरच्या ट्रकवर घालून आणले, सोबत माणसाला झोळीत घालून उचलायची ती चाकांची घोडी आणली, आणि खुद्द आयलर्टला आणि बोरगिलला आणलं.

"खोलीत माणूस घातल्याशिवाय खोली कळत नाही," ती म्हणाली. तेव्हाच मी तिच्यावर जीव टाकला.

पलंग आत आले. दोन शेजारी शेजारी बसलेही. आयलर्टला पलंगावरून खुर्चीत आणायचं म्हणून गुनवोर घोडी घेऊन आत शिरली आणि न्हाणीघराच्या भिंतीपाशी अडकली. पुढे जाईना, मागे येईना, वळेना. आयलर्ट झोळीत लोंबकळत, घोडी अडकलेली आणि गुनवोर माझी भिंत आणि पलंग यांच्या सापटीत.

"मासा जाळ्यात बरा असतो," आयलर्ट वरून म्हणाला. "निदान त्याला फार वेळ लटकवत नाहीत."

"गप बस, मला हसायला जागा नाही इथे," गुनवोर म्हणाली.

त्याला कसंबसं खाली घेतल्यावर तिनं लाल गठ्ठ्याचं प्लास्टिक दातानं फाडलं आणि न्हाणीघराच्या भिंतीवर चिठ्ठी थापली. थापलीच, कारण मला ती लागली.

हाल्वरचा चेहरा उतरला. "नकाशात आहे तसंच केलंय मी. एक बोट इकडचं तिकडे नाही."

"तुला कोण बोलतंय रे? नकाशाला बोलतेय. हातानं उचलायला आम्हांला बंदी आहे आणि बंदी नसती तरी माझी पाठ आता नाही म्हणते. घोडी वळली नाही तर हा माणूस पलंगावरून उठणार नाही. आणि हा उठणार नसेल तर या दोघांना एका खोलीत ठेवू देणार नाहीत. सरळ हिशेब आहे. किती हवं? तू सांग."

हाल्वरनं फूटपट्टी काढली, घोडी फिरवून पाहिली, पुटपुटला. "चाळीस सेंटिमीटर. न्हाणीघर चाळीस सेंटिमीटर आत घेतलं की झालं."

"मग घे."

स्क्रू काढायला अर्धा तास लागला नाही. भिंत सरकली. माझ्या अंगावर अशी शस्त्रक्रिया पहिल्यांदाच होत होती, पण खरं सांगते, मला मोकळं वाटलं. घोडी आत आली, गर्रकन वळली, आयलर्ट झोळीतून खुर्चीत आणि खुर्चीतून पुन्हा पलंगावर. मग पलंग जवळ सरकवले. त्याचा तो थरथरता हात हळूहळू पलीकडे गेला आणि बोरगिलच्या मनगटावर जाऊन बसला.

"पोचतो," आयलर्ट म्हणाला. बोरगिल रंगवलेल्या खिडकीतल्या बोटीकडे बघत राहिली.

वीस जूनच्या आसपास सगळी मंडळी माझ्यात जमली. आर्किटेक्ट, ठेकेदार, नळवाला, डॉक्टर, नगराध्यक्ष, मेरेते. गुनवोरनं घोडी वळवून दाखवली. आर्किटेक्ट म्हणाला, "अरे, हे फारच सुरेख झालं." डॉक्टरनं मान डोलावली. नगराध्यक्ष म्हणाले, "यालाच म्हणतात एकत्र काम करणं!" आणि टाळ्या वाजल्या. याच भरात ते त्या खोक्यावर टेकले.

टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, एकीनं सोडून. मेरेतेचा तळहात माझ्या सरकवलेल्या भिंतीवर टेकलेला होता. तिनं तोंड उघडलं. मग गुनवोरच्या फुललेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. "टिपून घेते हं," ती म्हणाली.

या 'टिपून घेते'ला मी तेव्हा भुलले. नवी होते ना!

मग जुलै आला. जुलैत या देशात कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. ठेकेदार, नळवाला, आर्किटेक्ट, सगळे आपापल्या डोंगरातल्या नाहीतर किनाऱ्यावरच्या लाकडी घरांत. मी बंद वखारीत सदतीस हिरव्या आणि एका लाल चिठ्ठीसह उभी होते. उन्हानं गोंद सुटून तीन हिरव्या गळून पडल्या. ती लाल मात्र चिकटून होती.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात धक्क्यावर एक पडाव लागला. वखार धक्क्याला लागूनच, म्हणून फटीतून मला सगळं दिसत होतं. पडावावर पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बारा मोठे चौकोनी डबे. बेटावरचे लोक बघायला जमले. कुणाला वाटलं माशांची शीतगृहं आली. गुनवोर सायकलवरून चालली होती, ती थांबली. तिनं एका डब्याचं प्लास्टिक कोपऱ्यात उचकटून आत डोकावलं. आत फरशी, नळ, आरसा, कमोड, सगळं जिथल्या तिथे. आयती न्हाणीघरं! दूरच्या कारखान्यात ओतून, सजवून, कुलूप लावून पाठवलेली.

गुनवोरनं नर्सच्या झग्याच्या खिशातून टेप काढला. जखमा मोजायचा कागदी टेप होता तो. तिनं एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. मग सायकल तिथेच टाकून तरातरा माझ्याकडे आली आणि फोन करून मेरेतेला बोलावून घेतलं. ती आली तेव्हा गुनवोर माझ्या सरकवलेल्या भिंतीला पाठ टेकून उभी होती.

"ही जुन्या मापाची आहेत."

"हो," मेरेते म्हणाली.

"चाळीस सेंटिमीटर जास्त."

"हो."

"मागवली कधी?"

मेरेते खाली बघत होती. "मार्चमध्ये."

"मार्चमध्ये?" गुनवोरचा आवाज वखारीच्या पत्र्यापर्यंत गेला. "अगं, ही खोली मे महिन्यात उभी केलीत! मग आम्हांला कशाला बोलावलंत, वॉफल खायला?"

"ज्याला वेळ लागतो ते आधी मागवायचं, असं ठरलं होतं. न्हाणीघरांना पाच महिने लागतात. नकाशा आणि बांधकाम एकत्र चालतं तेव्हा असंच करावं लागतं. मला वाटलं होतं लोक रंगाबद्दल सांगतील, दिव्यांबद्दल... भिंतीचं निघेल असं वाटलं नव्हतं."

"आणि जूनमध्ये? सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा का गप्प बसलीस?"

मेरेतेच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळे इतके खूश होते, गुनवोर. आयलर्टनं हात पुढे केला होता ते तू सांगितलंस. मला बोलवेना. म्हटलं सुट्टीनंतर शांतपणे सांगू. पण सुट्टी लागायच्या आधीच पाया ओतून झाला, नळांची भोकं ठेवून झाली."

माझ्या फळ्याफळ्यांतून संताप गेला. आधी कळस मग पाया! नमुना कशासाठी असतो? चूक स्वस्तात करून बघता यावी म्हणून. इथे चूक कारखान्यात पक्की होत होती आणि मी इकडे वखारीत शहाण्यासारखी दुरुस्त होऊन बसले होते. बरं, खलनायक शोधायला जावं तर एकही सापडेना. ठेकेदारानं वेळेवर मागवलं, आर्किटेक्टनं वेळेवर काढलं, मेरेतेनं वेळेवर वॉफल भाजले. सगळे एका टेबलाशी बसले होते. फक्त त्या टेबलावर कुणी कुणाला नकोसं वाटेल असं काही बोलायचं नाही, एवढाच अलिखित नियम होता.

गुनवोर भांडली. पालिकेत गेली, पत्रं लिहिली. प्रत्येक ठिकाणी तिचं ऐकून घेतलं गेलं, कॉफी दिली गेली आणि टिपून घेतलं गेलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी उत्तर आलं : पुढच्या टप्प्यात सहा खोल्या वाढवायच्या आहेत, त्या वेळी हा अनुभव जमेस धरू. तोवर दोघांना शेजारशेजारच्या खोल्या देऊ, सात आणि आठ, आणि दोन्हीकडे एक-एक कॅमेऱ्याचा पडदा बसवू. म्हणजे त्यांना एकमेकांचे चेहरे दिसतील.

भिंतीच्या दोन बाजूंना झोपवायचं आणि भिंतीवर नवऱ्याचं चित्र लावायचं! माझी खिडकी रंगवलेली आहे म्हणून लोक हसतात. मी निदान खोटी आहे असं सांगून तरी उभी आहे.

पुढल्या वर्षी शरद ऋतूत आरोग्यघराचं उद्घाटन झालं. केक कापला, शाळेच्या बँडनं वाजवलं. मला सगळं हाल्वरकडून कळायचं, कारण तो वखारीत लाकडं ठेवायला यायचा आणि काम करताना बडबडायचा. इमारत देखणी झालीये म्हणे. भिंती तर इतक्या उत्तम की पलीकडचं खोकणंसुद्धा ऐकू येत नाही. आयलर्ट सकाळी उठला की अंगठीनं भिंतीवर टकटक करायचा. बोटीवर असताना तो बंदरात शिरताना भोंगा वाजवायचा ना, तसं. पलीकडे काही पोचायचं नाही. बोरगिल पडद्याकडे बघत बसायची. आयलर्टचा हात लागून त्याच्याकडच्या पडद्याचा कॅमेरा वरचेवर वर वळायचा, मग तिला तासन्‌तास त्याच्या खोलीचं छत दिसायचं.

"एक दिवस मी तिथे बिजागरी बदलायला गेलो होतो," हाल्वर म्हणाला होता. "बोरगिल मला म्हणते, हाल्वर, त्याचं छत मला आता पाठ झालंय."

फेब्रुवारीत, सकाळच्या न्याहारीच्या वेळेला, आयलर्ट गेला. सातमध्ये नर्स धावली, तिनं आठमध्ये निरोप दिला. बोरगिलला उठवून चाकांच्या खुर्चीत बसवायचं, तिच्या दारातून काढायचं, त्याच्या दारातून आत न्यायचं. सात मिनिटं लागली. ती पोचली तेव्हा हात गरम होता, पण हात धरणारा गेला होता.

हाल्वरनं हे सांगितलं आणि माझ्याच भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. चाळीस सेंटिमीटर, असं तो दोनदा म्हणाला. मला तर तो हात पोचलेला आठवत होता. साऱ्या बेटावर तो एकाच खोलीत पोचला होता, आणि ती खोली खोटी होती.

एप्रिलमध्ये बोरगिल माझ्याकडे आली. गुनवोर तिची खुर्ची ढकलत होती. बोरगिलनं माझ्यात सगळीकडे नजर फिरवली, मग निळ्या खिडकीखाली बोट दाखवलं.

"ती काढ."

"कुठली?"

"माझी. उजेड भरपूर लिहिलेली."

गुनवोरनं चिठ्ठी काढून तिच्या मांडीवर ठेवली. बोरगिलनं ती वाचली. "रंगवलेली खिडकी, गुनवोर. रंगवलेल्या खिडकीला मी उजेड भरपूर म्हटलं. त्या दिवशी आत शिरताच मला कळलं होतं की इथे दोन पलंगांत घोडी वळणार नाही. तुझी घोडी मी रोज चार वेळा बघत होते. पण मेरेतेनं जॅम मला दोनदा वाढला होता."

"तू बोलली असतीस तरी मार्च होऊन गेलेला होता," गुनवोर म्हणाली.

"पण सदतीस जण बोलले असते तर? त्याच दिवशी, मे महिन्यात? डबे तेव्हा कारखान्यातच होते ना? निदान दोन थांबवता आले असते." तिनं चिठ्ठीचे बारीक तुकडे केले. "एका वॉफलसाठी मी खोटं बोलले, आणि आयलर्टला भिंतीपलीकडे टाकलं. तो लाल गठ्ठा कुठाय?"

गठ्ठा फळीवर होता, एकच चिठ्ठी कमी झालेला. तिनं तो उचलून कोटाच्या खिशात टाकला.

माझी रवानगी आता चुलीत होणार असं मी धरून चालले होते. तसं झालं नाही. मे महिन्यात पुढच्या टप्प्याच्या सहा खोल्यांचं निघालं आणि हाल्वरनं मलाच खोलून पुन्हा उभं केलं. त्याच फळ्या, त्याच भोकांत तेच स्क्रू. वय झालंय माझं, कोपरे सुटलेत, पण न्हाणीघराची भिंत त्यानं सरकवलेल्या जागीच ठोकली. नकाशा मात्र अजून कुणी मला दाखवलेला नाही. म्हणून तुम्हांला हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी सांगते : खोटी खोली उभी कराल तर तिच्यात खरं बोला. टिपून घेणाऱ्याला विचारा, कुठे टिपलंस आणि कधीपर्यंत. नाहीतर मला उभंच करू नका, फळ्यांचं कोंबड्यांसाठी खुराडं करा. कोंबड्या तरी अडचण झाली की ओरडतात.

आणि आजचा दिवस. माणसं आलीत, किटली उकळतेय, मेरेते वॉफलच्या साच्याशी उभी आहे. पण माझ्या दारात आज रस्ता अडलेला आहे. चाकांची खुर्ची आडवी लावून बोरगिल बसलीये, मांडीवर लाल गठ्ठा.

"आधी चिठ्ठी," ती प्रत्येकाला म्हणते. "खाणं नंतर."

"अगं बोरगिल, वॉफल गार होतील," नगराध्यक्ष म्हणाले.

"होऊ देत. तू त्या खोक्यावर बसू नकोस फक्त."

लोक हसले. ती हसली नाही. तिनं मान वळवून मेरेतेकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मला आता एकच पलंग पुरतो, म्हणून हे माझ्यासाठी नाही. पण आत जाण्याआधी सांग. या खेपेला काय काय मागवून झालंय?"

साच्यातून धूर यायला लागला, तरी मेरेते हलली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, लोकांच्या खूश चेहऱ्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही हसणार आणि टिपून घेणार.

"खिडक्या," मेरेते म्हणाली. "न्हाणीघरं नाहीत. पण खिडक्या गेल्या आठवड्यात मागवल्यात. पलंगावर झोपून समुद्र दिसत नाही इतक्या उंचीवर बसणाऱ्या. थांबवायच्या असतील तर शुक्रवारपर्यंत वेळ आहे."

करपलेल्या वॉफलचा वास सगळीकडे पसरला. बोरगिलनं गठ्ठ्यातली वरची लाल चिठ्ठी सोडवली आणि मेरेतेपुढे धरली.

"लाव," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी तू लाव."